समासातील नोंद

आमच्या घरात वडिलांना 'पाय' म्हणतात. आळंदीला राहावयास आलो तेव्हा शेजारच्या वारकरी कुटुंबातील मुलांना या शब्दाची फार गंमत वाटे. "तुमचे पाय घरी आहेत का?" असे विचारून ती खुदुखुदु हसत. शब्द पोर्तुगीज, अर्थ 'बाप'. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून तो आजही रुळलेला आहे. आजोबा ते 'शापाय', आजी ती 'शामाय'. घरात मराठी बोलत वाढलेल्या आम्हा भावंडांपाशी गोव्याची म्हणून जी थोडी पुंजी उरली, तिच्यात हे तीन शब्द होते. त्यांतील एक शब्द एके दिवशी सरकारी कागदावर असा समोर येईल आणि वाचता वाचता माझा श्वास अडकेल, असे मला कधी वाटले नव्हते.

पायचा जन्म १९३७ चा, बार्देश तालुक्यातील एका खेड्यातला. सोळाव्या वर्षी गाव सोडून ते मुंबईला आले व धोबीतलावच्या एका 'कूड'मध्ये राहिले. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेली सामाईक खोली. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, भिंतीशी वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची रोझरी. जहाजावर जाणारे आणि जहाजावरून परतणारे तारवटी तेथे उतरत. पायना मात्र समुद्राची नोकरी नको होती. १९६० साली ते पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि पस्तीस वर्षांनी तेथूनच निवृत्त झाले. साठवलेल्या पैशांतून देहू फाट्याजवळ दीड गुंठा जागा घेऊन त्यांनी घर बांधले. इंद्रायणीचा काठ, पहाटेचा काकडा, एकादशीची गर्दी आणि रविवारी मिस्साला जाण्यासाठी दोन बसगाड्या बदलण्याची यातायात, या सर्वांसह आम्ही आळंदीकर झालो.

प्रकरणाला सुरुवात झाली ती माझ्या मुलामुळे. तो चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. दर अकरा महिन्यांनी करार संपावा, मधे काही दिवस घरी बसावे आणि पुन्हा नव्या करारावर सही करावी, असे त्याचे सहा वर्षे चालले होते. २०२३ च्या डिसेंबरात गोव्याचा एक मित्र त्याला म्हणाला, "तुझे आजोबा गोवा मुक्त होण्यापूर्वी तिथे जन्मले ना? मग पोर्तुगालचे नागरिकत्व तुम्हांला मागता येते." त्या रात्री मुलगा जेवला नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसला.

मित्राच्या म्हणण्यात तथ्य होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव भारतात आले, परंतु पोर्तुगालने ही वस्तुस्थिती मान्य केली ती १९७४ च्या अखेरीस झालेल्या कराराने. त्या तारखेपूर्वी या भूमीत जन्मलेला मनुष्य पोर्तुगालच्या कायद्याच्या दृष्टीने जन्मतः त्यांचा नागरिक. त्याने आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून घेतला की त्याच्या मुलाला आणि पुढे नातवाला मार्ग मोकळा होतो. हजारो गोमंतकीय याच वाटेने इंग्लंडात स्विंडन व साउथॉल येथे जाऊन स्थिरावले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२० च्या अखेरीस ती वाट बंद झाली, पण युरोपातील इतर देश आहेतच. वसईकर बंधुभगिनींना येथे सांगावयास हवे की वसईचा किल्ला १७३९ सालीच पोर्तुगीजांच्या हातून गेला. तेव्हा आडनाव कितीही पोर्तुगीज असले तरी त्या आधारावर हा हक्क मिळत नाही. हक्क जन्मस्थानाचा व जन्मतारखेचा आहे, आडनावाचा नाही.

आणि तरीही सारे अडते ते नावापाशीच.

मी आयुष्यभर शाळामास्तर. जेवणाच्या मेजावर पायचे सगळे कागद मांडून मी एक तक्ता आखला. डावीकडे कागदाचे नाव, उजवीकडे त्यावरील पायचे नाव. गावच्या चर्चमधून आणलेल्या स्नानसंस्काराच्या दाखल्यावर 'इग्नासियु'. पोर्तुगीज शाळेच्या परीक्षेच्या जीर्ण दाखल्यावर 'इनासियु'. कारखान्याच्या ओळखपत्रावर 'इग्नेशियस डिसोझा'. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर 'आय. सी. डिसूझा'. मतदार यादीत 'इग्नेशस कायतन डिसोजा'. आधार कार्डावर आणखी वेगळे. गावात तर सगळे त्यांना नुसते 'इनास' म्हणत. मुलगा तक्ता पाहून हसला. म्हणाला, "पप्पा, ही तर सहा माणसे आहेत."

यांतील बहुतेक फरकांचे मूळ सापडण्यासारखे होते, आणि ते शोधताना मला एक प्रकारचा आनंदच होत होता. १९११ साली पोर्तुगालने आपली लेखनपद्धती सुधारली. उच्चारात नसलेली अक्षरे गाळली. 'इग्नासियु'मधला 'ग' गेला, 'सोझा' झेडऐवजी एसने लिहिले जाऊ लागले. सरकारी कार्यालयांनी नवे वळण उचलले, पण गावच्या वृद्ध पाद्रींची लेखणी जुन्याच वळणाने चालत राहिली. म्हणून एकाच बाळाचे नाव चर्चच्या वहीत 'ग'सह आणि सरकारी वहीत 'ग'विना. पुढे ब्रिटिश वळणाच्या मुंबईत जो जुआंव तो जॉन झाला, लोरेन्सु तो लॉरेन्स झाला आणि 'द सोझा'चा डिसोझा झाला. त्यावर आपल्या महाराष्ट्राची रीत अशी की मधले नाव बापाचे. पोर्तुगीज नावात मधे आईचे आडनाव येते, शेवटी बापाचे. आपल्याकडील कारकून मात्र विचारतो, "वडिलांचे नाव?" पायनी कारखान्याच्या खिडकीपाशी उत्तर दिले होते, "कायतान." म्हणून तो 'सी', आणि म्हणूनच मतदार यादीतला 'कायतन'.

म्हापशाच्या एका परिचित वकिलांनी दूरध्वनीवर धीर दिला. ते म्हणाले, "अक्षरांचे फरक आणि भाषांतराचे फरक यांना घाबरू नका. ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि जोडीला पुरावे, एवढ्याने ते निभावते. फरक माणसाचा असेल तर मात्र कठीण. बापाचे नाव वेगळे, आईचे नाव वेगळे, जन्मतारीख वेगळी, अशा वेळी मूळ नोंदच दुरुस्त करावी लागते. आधी जन्माचा उतारा येऊ द्या."

गोव्यात १९१४ पासून जन्माची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या ख्रिस्ती माणसांसाठी चर्चची वही हाच आधार. पायचा जन्म नंतरचा, तेव्हा उतारा मिळणार हे निश्चित होते. महिनाभराने तो टपालाने आला. बाळाचे नाव 'इनासियु'. आईचे नाव शामायचे, तिच्या माहेरच्या आडनावासह. वडिलांच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

मी तो कागद उलटून पाहिला, जणू काही मागच्या बाजूला उत्तर असावे. मग पायपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला नाही. कागद तसाच घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "म्हणून सांगत होतो, जुने कागद उकरू नका." उठून ते आपल्या खोलीत गेले. पुढचे चार दिवस घरात अर्जाचा विषय निघाला नाही. मुलगा चिडून होता. त्याला वाटे, म्हातारा आपल्या आड येतो आहे.

पाचव्या दिवशी सकाळी पाय म्हणाले, "चल, सिद्धबेटाकडे जाऊन येऊ." आळंदीच्या पश्चिमेस इंद्रायणीकाठी हे स्थान आहे. ज्ञानेश्वरादी भावंडांचे बालपण येथे गेले, असे परंपरा सांगते. त्यांच्या पित्याने संन्यास सोडून पुन्हा संसार मांडला, म्हणून गावाने कुटुंबाला वाळीत टाकले. मुलांना 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवले. आणि शुद्धिपत्रासाठी त्या अनाथ भावंडांना पैठणची वाट धरावी लागली. आळंदीत राहणाऱ्याला ही कथा मुद्दाम ऐकावी लागत नाही. ती कानांवर पडतच असते.

एका झाडाखाली बसल्यावर पाय बोलू लागले. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो, नदीकडे पाहत होतो. मला वाटते, त्यामुळेच त्यांना बोलता आले.

शापाय तारवटी होते. शामायशी त्यांचे लग्न ठरले होते, पण जहाजाचे बोलावणे आले आणि लग्न पुढे गेले. ते समुद्रावर असताना पायचा जन्म झाला. शापाय परतले, काही आठवडे गावात राहिले, पुढच्या सफरीनंतर चर्चमध्ये उभे राहू असे ठरवून पुन्हा गेले. मग युद्ध सुरू झाले. १९४२ साली जहाज बुडाल्याची बातमी आली. विधवा म्हणण्याचाही अधिकार शामायला मिळाला नाही. शाळेत मुले पायना त्यांच्या आईच्या नावाने हाक मारीत, 'अमकीचा इनास'. बापाचे आडनाव लावले की एखादा मोठा माणूस हसून म्हणे, "ते तुला कुणी दिले?" शामाय एकच उत्तर देई, "तुझ्या पायनी कागद केला आहे." पण तो कागद कुणी पाहिला नव्हता. शामायला वाचता येत नव्हते.

"मुंबईला आलो तेव्हा मला बरे वाटले," पाय म्हणाले. "तिथे कोणी काही विचारीत नव्हते. कारखान्यातल्या कारकुनाने इग्नेशियस लिहिले. मी म्हटले, लिही. इनास मागे राहिला तर राहू दे. बापाचे नाव विचारले तेव्हा मात्र छाती धडधडली. सांगितले, कायतान. त्याने लिहून घेतले. इतके सोपे होते ते. पण सारा जन्म मला वाटत आले की मी चोरीचे आडनाव वापरतो आहे. तुम्हां पोरांनाही तेच दिले."

म्हणजे ज्याला मी कारकुनाची चूक समजत होतो, ती पायनी होऊ दिलेली चूक होती. तक्त्यातील एकेका नावामागे त्यांनी आसरा घेतला होता, आणि मी त्या आसऱ्यावर लाल शाईने खुणा करीत बसलो होतो.

परतताना मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. वाचकांपासून ती लपवणे योग्य होणार नाही. १९९० च्या सुमारास मी ज्या शाळेत होतो, तेथे मोशीच्या दगडखाणींवर काम करणारी एक बाई मुलाला घेऊन प्रवेशासाठी आली. नोंदवहीत बापाचे नाव हवे होते. ती म्हणाली, "बाप नाही. माझेच नाव लिवा." मी म्हणालो, "रकाना मोकळा ठेवता येत नाही." मी कठोर नव्हतो, केवळ नियमाने वागत होतो. बराच वेळ उभी राहून शेवटी तिने एक नाव सांगितले. ते तिच्या भावाचे होते, हे मला नंतर कळले. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिले. जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती. आम्ही सगळे मास्तर तेव्हा करीत असू तसे मी १ जून घातली. तो मुलगा आज चाळिशीत असेल. माझ्या सुवाच्य अक्षराने त्याला कोठे कोठे अडवले असेल, कोण जाणे. १ मे २०२४ नंतर जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे व मग वडिलांचे नाव लिहावे, असे आता महाराष्ट्र शासनाने ठरवले आहे. ते वाचले तेव्हा मला त्या बाईचा चेहरा आठवला. तिने मागितले होते ते इतकेच होते.

'कागद केला आहे' हे शामायचे शब्द माझ्या मनातून जाईनात. मी वकिलांना दूरध्वनी केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "तुम्हांला आला तो संक्षिप्त उतारा. त्यात ठरावीक रकाने असतात. मूळ वहीतील पान जसेच्या तसे हवे असेल तर 'तेओर' मागावे लागते, समासातल्या नोंदींसह. तुम्ही स्वतःच या."

मी म्हापशाला गेलो. निबंधक कार्यालयातील एका मध्यमवयीन बाईंनी ते पान काढून दिले. जुन्या पोर्तुगीज हस्ताक्षरातील दाट ओळी. मला भाषा येत नाही, पण दोन शब्द मी लगेच ओळखले: 'पाय इंकॉग्नितु'. बाप अज्ञात. घरात रोज उच्चारला जाणारा तो शब्द तेथे त्या दुसऱ्या शब्दाला बांधलेला पाहून माझ्या पोटात कालवले. ज्याच्यापासून पाय सत्तर वर्षे पळाले, ते हेच होते तर.

"पण हे पाहा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पानाच्या कडेला बोट ठेवले. समासात वेगळ्या शाईने, वेगळ्या हाताने, आठ-दहा ओळी आडव्या दाटून लिहिल्या होत्या. त्यांनी त्या हळूहळू वाचून अर्थ सांगितला. जानेवारी १९३९. कायतान द सोझा, व्यवसायाने तारवटी, याने या नोंदीतील बालक आपला पुत्र असल्याचे कार्यालयात येऊन जाहीर केले आहे. या कृतीला पोर्तुगीज कायद्यात 'पेर्फिल्यासांव' म्हणतात. 'फिल्यु' म्हणजे पुत्र. तो शब्द त्या लांबलचक नावाच्या मध्यभागी बसलेला आहे.

आळंदीला पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. पाय जागे होते. मी पान मेजावर ठेवले. या वेळी त्यांनी चष्मा लावला. त्यांचे शिक्षण पोर्तुगीज शाळेत 'सेगुंदु ग्राव'पर्यंत झालेले. भाषा विसरल्यासारखी झाली होती, पण गेली नव्हती. ते बोट फिरवीत वाचू लागले. 'इंकॉग्नितु'पाशी बोट थांबले. मी काही न बोलता ते समासाकडे नेले. त्या आठ-दहा ओळी त्यांनी तीनदा वाचल्या.

"जानेवारी एकोणचाळीस," ते म्हणाले. "म्हणजे मी दीड वर्षाचा." थोड्या वेळाने म्हणाले, "माय खोटे बोलली नव्हती."

यापुढे ते काही बोलले नाहीत. मुलगा दाराशी उभा होता. त्याने आत येऊन आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला.

जे वाचक अशाच शोधात असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. पहिली, संक्षिप्त उताऱ्यावर समाधान मानू नका. मूळ पानाची संपूर्ण प्रत समासासह मागा. पूर्वीच्या अनेक नोंदींत बाळाचे केवळ स्वतःचे नाव असते, आडनाव आईबापांच्या नावांवरून समजून घ्यावयाचे असते. त्याला चूक म्हणू नका. दुसरी, अक्षरांचे फरक प्रतिज्ञापत्राने सांधा. खरोखरच चुकीची नोंद असेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली निबंधकाकडे पुराव्यासह दुरुस्ती मागता येते. तेथेही मूळ मजकूर खोडत नाहीत. दुरुस्ती समासात लिहितात. तिसरी, चर्चच्या वहीत आपल्या मर्जीने कोणी फेरबदल करू शकत नाही व करूही नये. परंतु धर्मविधी संहितेच्या आठशे सत्त्याहत्तराव्या कलमात अशी तरतूद आहे की अविवाहित मातेच्या बाळाचे पितृत्व सार्वजनिक दस्तऐवजाने सिद्ध होत असेल तर पित्याचे नाव स्नानसंस्काराच्या वहीत लिहावे. आम्ही तो 'तेओर' जोडून पायच्या जन्मगावच्या धर्मग्रामाकडे अर्ज केला. रीतसर परवानगी येऊन तेथेही समासात नोंद झाली. चौथी, दुसऱ्याच्या आजोबांचा कागद विकत देणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

त्या वर्षी नाताळाच्या आधी मी संत मत्तय आणि संत लूक यांच्या शुभवर्तमानांतील वंशावळी पुन्हा वाचल्या. इतकी वर्षे मिस्सात ती नावे ऐकताना माझे लक्ष इकडेतिकडे जाई. या वेळी तक्ता आखणाऱ्याच्या नजरेने वाचल्या. योसेफच्या पित्याचे नाव मत्तय याकोब देतो, तर लूक एली. शास्त्रज्ञांनी याची अनेक स्पष्टीकरणे दिली आहेत. माझ्यासारख्या सामान्य माणसाला एवढेच जाणवले की मंडळीने दोन्ही नावे जपली, एकही खोडले नाही. आणि योसेफने केले काय? पोटच्या न म्हणवणाऱ्या बाळाला आपले म्हणून नाव दिले. शापायने तर स्वतःच्याच मुलासाठी कार्यालयाची पायरी चढली होती. दोन सफरींच्या मधल्या थोड्या दिवसांत, लग्नाच्याही आधी. समुद्राचा भरवसा नसतो, हे त्या तारवट्याला ठाऊक असले पाहिजे.

नागरिकत्वाचे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. तो निर्णय वाटला तितका सोपा नाही. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने गोव्यात जन्मलेले सर्वजण भारताचे नागरिक ठरले. पूर्वीचे नागरिकत्व ठेवू इच्छिणाऱ्याला तसे जाहीर करण्यास एक महिन्याची मुदत होती. मोन्सेन्योर सेबास्तियांव मोंतेरू यांनी तसे जाहीर केले, आणि त्यांचा खटला १९६९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन त्यांच्या विरोधात निकाल लागला. पायनी त्या वेळी काहीच जाहीर केले नाही. ते पिंपरीत पाळीवर होते. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. नुसता जन्म लिस्बनमध्ये नोंदवला तर काय, या प्रश्नावर गोव्यात अनेकांची पारपत्रे अडकली. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने अशांना परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळण्याची वाट काहीशी सुलभ केली; परंतु ते कार्ड म्हणजे मतदानाचा हक्क नव्हे. नातवाला वाट मिळावी म्हणून आधी आजोबांनी लिस्बनच्या कागदावर सही करावयाची, आणि त्या सहीचा अर्थ काय होईल हे वकीलही छातीठोकपणे सांगेनात.

मी हे सर्व पायना समजावून सांगितले. ते म्हणाले, "प्रतिज्ञापत्रावर सही करतो. ते खरे आहे, मीच तो सगळा. दुसऱ्या कागदाचे याला विचार." 'याला' म्हणजे नातवाला. सहा महिन्यांपूर्वी ज्याला एकेक दिवस जड जात होता, त्या माझ्या मुलाने विचार करण्यास वेळ मागून घेतला. तो अजून चाकणलाच जातो. कराराची तारीख जवळ आली की अजून घरात अबोला पसरतो. लिस्बनचा कागद कपाटात आहे. तो बाहेर निघेल किंवा निघणार नाही. निघाला तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. आमच्या घरातला तो पहिला परदेशी जाणारा नसेल.

प्रतिज्ञापत्राच्या दिवशी आम्ही पायना रिक्षाने नोटरीकडे नेले. त्यात सहाही नावे एकाखाली एक टंकलिखित केली होती. नोटरीने विचारले, "बाबा, सही कोणत्या नावाने करता?" पाय हसले. गेली साठ-पासष्ट वर्षे पगाराच्या पावतीवर, बँकेत, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी त्यांची एकच इंग्रजी सही पाहिली होती. त्यांनी पेन हातात घेतले, मनगट कागदावर टेकवले आणि मुलांना पाटीवर गिरवायला लावतात तशा संथ, गोल वळणाने लिहिले: 'इनासियु'. 'ग' नव्हता. मधल्या 'आ'वर तिरपी रेघ देण्यास ते विसरले नाहीत. मग क्षणभर थांबून त्यांनी आधी शामायचे आडनाव लिहिले आणि त्यापुढे शापायचे.

नोटरीने तक्त्याकडे पाहिले, सहीकडे पाहिले. म्हणाला, "हे तर सातवे नाव झाले."

"नाही," पाय म्हणाले, "हे पहिले."